२०१७चं थकलेलं क्रेडिट कार्ड आता गृहकर्जाला आडवं आलंय. भरू, सेटल करू की थांबू?

उंबरठा
मंडळी, सल्ला हवाय. २०१७ मध्ये नोकरी गेली तेव्हा एका कार्डाचे ४१ हजार थकले. आधी पुढच्या महिन्यात भरू म्हणत राहिलो, मग नंबर बदलला, मग खरंच विसरलो. आता दोघांचे पगार नीट आहेत, त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही आणि गृहकर्जाची फाईल सिबिलवर (कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी) अडकली. अहवालात ते खातं 'रिटन ऑफ', थकबाकी १ लाख १२ हजार! गेल्या आठवड्यात वसुली एजंटाचा फोन आला, ३५ हजारांत मिटवून देतो म्हणाला.
मेहुणा म्हणतो, तीन वर्षं उलटली की कर्ज मेलं, दमडी देऊ नकोस. मित्र म्हणतो, सात वर्षांनी नोंद आपोआप जाते. बायको म्हणते, भरून मोकळा हो. कुणाचं ऐकू?

रानवारा
बायकोचं. प्रश्न पूर्ण वाचला नाही, पण उत्तर तेच.

जुनाजमाखर्च
बँकेच्या कर्ज विभागात जन्म गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

मेहुण्याचं अर्धं बरोबर. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. ती संपली आणि तोवर दावा झाला नसेल, तर कोर्टाचा रस्ता बंद. पण कर्ज मेलं असं नाही, फक्त कोर्टातून वसूल करता येत नाही. सिबिल हे कोर्ट नव्हे. तिथे मुदत संपल्याचा काही उपयोग नाही.

इथेच एक खड्डा आहे. मुदत चालू असताना थोडेसे पैसे भरले किंवा सही करून थकबाकी कबूल केली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत संपल्यावर किरकोळ भरण्याने ती परत सुरू होत नाही, पण 'इतके देईन' असं लेखी वचन दिलंत तर तो नवा करार धरला जातो. म्हणून एजंटाला व्हॉट्सअॅपवर काहीही कबूल करू नका. आणि मधल्या काळात कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती का, ते आधी बघा. दावा लागला असेल तर वकीलच गाठा.

मित्राचं म्हणाल तर नियम आहे तो माहिती *किमान* सात वर्षं ठेवण्याचा. सात वर्षांनी पुसा असं त्यात कुठेही नाही. शिवाय खात्यावर बाकी दिसतेय तोवर बँक ते कळवतच राहते, त्यामुळे जुनी नोंद ताजीच राहते.

राहिला 'रिटन ऑफ'. लोकांना वाटतं बँकेने माफ केलं. बँकेने फक्त आपल्या ताळेबंदातून काढलं, तुमच्याकडचं येणं तसंच आहे.

कोयरी
सेटलमेंटचा चटका बसलेली मी. २०१९ मध्ये वैयक्तिक कर्ज एका वित्त कंपनीशी निम्म्यात मिटवलं. माणूस म्हणाला, 'मॅडम, सगळं क्लिअर.' क्लिअर कसलं! दोन वर्षांनी गाडीसाठी अर्ज केला तर शेरा 'सेटल्ड'. म्हणजे बँकेच्या भाषेत, हिने पूर्ण दिले नाहीत. शेवटी उरलेली रक्कम भरली, तेव्हा कुठे 'क्लोज्ड' झालं, तेही चार महिने ईमेलं करून. उंबरठादादा, ३५ हजार स्वस्त वाटतात, पण गृहकर्ज हवं असेल तर त्या शब्दाची किंमत मोजा.

जुनाजमाखर्च
कोयरीताईंशी सहमत. २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला (शेतीकर्ज सोडून) तीच बँक निदान १२ महिने नवं कर्ज देत नाही. दुसऱ्या बँकेला तशी आडकाठी नाही, पण शेरा दिसतोच.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. दंड आणि विलंब शुल्क माफ करून बाकी सगळं भरलंत तरी बँक 'सेटल्ड' लावू शकते. म्हणून घासाघीस रकमेवर नंतर, शब्दावर आधी करा. भरण्यापूर्वी बँकेच्या लेटरहेडवर लिहून घ्या की इतकी रक्कम आल्यावर खातं 'क्लोज्ड', थकबाकी शून्य असं चारही कंपन्यांना कळवू. पैसे कर्जखात्यातच, एजंटाच्या यूपीआयवर कदापि नाही.

पाटीपेन्सिल
चारही? मला वाटायचं सिबिल एकच.

जुनाजमाखर्च
सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा बघितल्याने स्कोअर घसरत नाही. घसरतो तो दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने.

उंबरठा
काका, चारही काढले. एकात कार्ड बँकेच्या नावावर, दुसऱ्यात तेच कार्ड बँकेच्या नावावर *आणि* एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीच्या (बँकांची थकलेली कर्जं विकत घेणारी) नावावर. म्हणजे मी दोनदा बुडवलं!

जुनाजमाखर्च
बँकेने ते विकलेलं दिसतंय. तसं असेल तर आता सौदा बँकेशी नाही, त्या कंपनीशी. कर्ज खरंच त्यांच्याकडे आहे का, याचं पत्र आधी बँकेकडून घ्या. दुबार बाकीबद्दल त्या अहवालावरच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, एप्रिल २०२४पासून हा नियम आहे. तरी दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सप्टेंबर २०२२पासून सिबिलसारख्या या चारही अहवाल कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत.

सावलीतला
यात न पडता 'स्कोअर दुरुस्त करून देतो' वाल्यांना पाच हजार दिले तर?

कोयरी
तर तुमचे पाच हजार जातील. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही आणि चुकीची तुम्ही स्वतः फुकटात काढू शकता.

उंबरठा
दीड महिन्यानंतर: दुबार बाकी निघाली, २३ दिवस लागले. कंपनी आधी १ लाख १२ला अडून बसली, शेवटी ७८ हजारांवर 'क्लोज्ड' असं पत्रात लिहून द्यायला तयार झाली. ३५ सोडून ७८ भरताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. मेहुणा अजून बोलत नाही. एनओसी (आता काही येणं नाही असं पत्र) आली, आज अहवालात थकबाकी शून्य दिसली. मागचा राइट-ऑफचा इतिहास मात्र खाली आहेच. लगेच अर्ज करू का?

जुनाजमाखर्च
सहा महिने तरी थांबा. किमान स्कोअर रिझर्व्ह बँक ठरवत नाही, ते ज्याच्या त्याच्या बँकेचं धोरण, त्यामुळे एका शाखेने नाकारलं म्हणजे सगळ्यांनी असं नाही. मुदत ठेव तारण ठेवून छोटं क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, पूर्ण भरा. अर्जासोबत २०१७चं नोकरी सुटल्याचं पत्र आणि एनओसी जोडा. फाईल वाचणाराही माणूसच असतो.

पाटीपेन्सिल
जाता जाता, भावाच्या कर्जाला मी जामीन आहे. त्याने थकवलं तर माझ्याकडेही दिसेल?

जुनाजमाखर्च
दिसेल. आज रात्रीच भावाला फोन करा.