शिआनला जायचे आहे, पण गर्दीत आणि दुकानांत अडकायचे नाही: मार्गदर्शन हवे

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, आई-बाबा आणि नववीतली मुलगी असे चीनमधील शिआनला जाण्याचा विचार करत आहोत. शहराची निवड बाबांची आहे. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून, ज्या चांगआनहून (शिआनचे जुने नाव) युआन श्वांग हा चिनी बौद्ध भिक्षू निघाला आणि पुलकेशी दुसरा याच्या महाराष्ट्रात येऊन गेला, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा हट्ट आहे.

इथल्या एकदोन सहल कंपन्यांची पत्रके पाहिली. बीजिंग आणि शांघाय यांच्या मध्ये शिआनला जेमतेम दीड दिवस दिलेला असतो आणि त्यातलाही काही वेळ जेडच्या दालनात व मातीचे सैनिक बनवण्याच्या ‘कार्यशाळेत’ जातो. त्यामुळे फक्त शिआनच, पण निवांतपणे आणि आपले आपण करावे असे ठरवले आहे. तिथे कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी गेल्यास माणसांच्या डोक्यांपलीकडचे काही दिसते, कोणती प्रसिद्ध ठिकाणे वगळली तरी चालतील आणि युआन श्वांगाशी निगडित शांत जागा कोणत्या, हे जाणकारांनी सांगावे. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि बाबांना जिने फार चढवत नाहीत.

पारसिकवासी (बेलापूर, नवी मुंबई)

कामानिमित्त काही काळ त्या शहरात राहिलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमचा सर्वांत मोठा प्रश्न तुमच्या सुट्टीनेच सोडवला आहे. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते आणि त्या काळात शिआनमध्ये पाय ठेवू नये. दसऱ्याची सुट्टी जोडून तिकिटे काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मे महिन्याचा पहिला आठवडा आणि शाळांना सुट्टी असलेले जुलै-ऑगस्ट हेही टाळण्यासारखेच. आपल्या दिवाळीच्या सुमारास मात्र तिथे कोणताही मोठा सण नसतो, हवा थंड आणि कोरडी असते. फक्त शनिवार-रविवार मोठ्या स्थळांसाठी ठेवू नका.

मृत्तिका सैनिक, म्हणजे सम्राट छिन शी हुआंग याच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैन्य, वगळा असे सांगण्याचा शहाणपणा मी करणार नाही. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली ती जागा खरोखरच थक्क करणारी आहे. परंतु सहलींचे सगळे गट सकाळी शहरातून निघतात आणि दहाच्या सुमारास पहिल्या क्रमांकाच्या खड्ड्यावर एकदम येऊन धडकतात. तुम्ही दुपारी तीननंतर आत शिरा. तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर आगाऊ काढावे लागते, ते काढून ठेवा. पहिल्या खड्ड्याचे सभागृह सुमारे २३० मीटर लांब आहे आणि बहुतेक लोक पुढच्या कठड्यालाच चिकटून छायाचित्रे काढत बसतात. तुम्ही बाजूच्या मार्गिकेने थेट मागच्या टोकाला जा. तिथे जोडकाम चाललेले सैनिक उभे असतात. कोणाला डोके नाही, कोणाच्या खांद्याजवळची जोडरेघ स्पष्ट दिसते, आणि हे सैन्य तुकड्या-तुकड्यांतून पुन्हा उभे केले आहे हे तिथे खऱ्या अर्थाने कळते. एक सावधगिरी बाळगा. त्या सम्राटाच्या थडग्याचा टेकडीएवढा ढिगारा अजून उत्खनन न करता तसाच ठेवलेला आहे. त्यामुळे एखाद्या वाहनचालकाने ‘थडग्याच्या आतला महाल दाखवतो’ असे म्हटले, तर तो प्रतिकृतीच दाखवणार आहे, हे समजून नम्रपणे नाही म्हणावे.

माझ्या मते तुमच्या कुटुंबाला सर्वांत जास्त आवडेल ते हान यांगलिंग, म्हणजे इ. स. पू. १४१ मध्ये वारलेल्या हान सम्राट जिंग याचे दफनस्थळ. ते विमानतळाच्या बाजूला आहे आणि बहुतेक सहलींच्या पत्रकात त्याचे नावही नसते. तिथे जमिनीखालच्या संग्रहालयात बुटांवर आवरणे चढवून काचेच्या फरशीवरून चालायचे आणि थेट पायाखाली उघडे खड्डे पाहायचे. बाहुल्या माणसाच्या एकतृतीयांश उंचीच्या आहेत. त्यांचे हात लाकडाचे व कपडे रेशमाचे होते, ते दोन्ही कुजून गेल्यामुळे आज त्या हातांविना, विवस्त्र उभ्या दिसतात. शेजारी मातीच्या डुकरांच्या, बकऱ्यांच्या आणि कुत्र्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. तुमची मुलगी तिथून लवकर हलणार नाही.

नगरतट मिंग राजवटीत चौदाव्या शतकात बांधलेला असून त्याचा घेर साडेतेरा किलोमीटरांहून अधिक आहे. सगळे पर्यटक दक्षिण दरवाजाने वर चढतात. तुम्ही त्याच बाजूच्या वनछांग दरवाजाने गेलात, तर शिलालेखांचे संग्रहालयही जवळच पडते. वर भाड्याने सायकली मिळतात. बाबांना वर चढणे नको असल्यास तटाच्या पायथ्याशी खंदकालगत बाग आहे, तिथे सकाळी जाऊन बसावे. पाण्यात बुडवलेल्या लांब कुंच्याने फरशीवर सुबक अक्षरे काढणारे निवृत्त गृहस्थ भेटतात आणि पहिली ओळ वाळेपर्यंत त्यांची चौथी सुरू झालेली असते. त्याला तिकीट नाही.

आता युआन श्वांग. तो ६४५ मध्ये परतला आणि त्याने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये मोठा हंस पॅगोडा उभारला गेला. बाहेरचे मैदान आणि त्याला लागून असलेला तांग पद्धतीचा रोषणाईचा रस्ता संध्याकाळी इतका भरतो, की दिवाळी पहाटेचा राम मारुती रस्ता मोकळा वाटावा. तो रस्ता बेलाशक वगळा. पॅगोडा ज्या मंदिरात आहे, त्याच्या आत मात्र सकाळी लवकर गेल्यास शांतता असते. पॅगोड्याच्या दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना ६५३ मधील दोन शिलालेख आहेत, त्यांतल्या एकावर सम्राट ताइझोंग याने युआन श्वांगाच्या भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना कोरलेली आहे. लोक ते ओलांडून थेट जिन्याकडे पळतात. बाबांना जिना नकोच आहे, तेव्हा त्यांना तिथे हवा तितका वेळ मिळेल.

नेरूळची ताई

वरील उत्तर उत्तमच आहे. मी आईंच्या जेवणाविषयी आणि पैशांविषयी लिहिते, कारण प्रत्यक्षात अडते ते तिथेच.

शिआन हे गव्हाचे गाव आहे, भाताचे नव्हे, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट. लिआंगपी नावाच्या थंड शेवया तिखट तेल, व्हिनेगर आणि काकडी घालून देतात, त्यांत सहसा मांस नसते. प्रसिद्ध रोउजिआमो मांसाचा असतो, परंतु त्याच पावात भाज्या भरून केलेला त्साइजिआमो गल्लोगल्ली मिळतो. शरद ऋतूत तिथल्या लिनथोंग भागात तेंदूसारखे लालभडक फळ पिकते, त्याच्या गराच्या तळलेल्या गोड टिकिया आईंना नक्की आवडतील. तेल कोणते हे मात्र विचारून घ्यावे. ‘मांस, मासे, अंडे, प्राण्यांची चरबी आणि मांसाचा रस्सा चालत नाही’ असे चिनी लिपीतील वाक्य फोनवर साठवून ठेवा. नुसते शाकाहारी म्हटल्यास रश्शाचा विचार कोणी करत नाही. तरीही मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी सोबत असू द्यावी, कारण दिवसभर फिरून आल्यावर रात्री शोधाशोध करण्याचे त्राण उरत नाही.

रोख पैसे जवळ थोडेच लागतात. अलीपे किंवा वीचॅट हे पैसे देण्याचे ॲप निघण्यापूर्वी इथेच फोनवर उतरवून, त्याला आंतरराष्ट्रीय व्हिसा कार्ड अथवा मास्टरकार्ड जोडून, पारपत्राची पडताळणी पूर्ण करा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमचे रोमिंग घेतल्यास चालतात. नकाशासाठी अमॅप उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट. काही देशांच्या प्रवाशांना मिळणारी व्हिसाविना थांब्याची सवलत भारतीय पारपत्राला लागू नाही, त्यामुळे चित्रफिती पाहून विसंबू नका, मुंबईतूनच रीतसर व्हिसा काढा.

नौपाडेकर

पारसिकवासींशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. मृत्तिका सैनिकांकडे दुपारी तीननंतर जाणे तरुणांसाठी ठीक, परंतु ज्येष्ठ नागरिक सोबत असताना परतीला अंधार पडतो, बाहेर पडण्याची वाट लांबलचक बाजारातून जाते आणि तेवढ्यात गाडी शोधण्याची धांदल उडते. साडेआठला दार उघडताच आत असणे मला अधिक सोयीचे वाटले. फक्त इतरांप्रमाणे आवारात रेंगाळू नये, सरळ पहिल्या खड्ड्याकडे जावे.

तसेच नगाऱ्याच्या मनोऱ्यामागची मुस्लिम वस्ती ‘पर्यटकांचा सापळा’ म्हणून कोणी तुम्हाला वगळायला सांगेल, तसे करू नका. मुख्य रस्ता खरोखरच एकाच मापाच्या दुकानांचा झाला आहे, हे मान्य. पण त्याच वस्तीतली मोठी मशीद अवश्य पाहावी. घुमट नाही, उंच मिनार नाहीत. एकामागून एक चिनी पद्धतीचे चौक, कौलारू छपरे, आणि अजान देण्याची जागा म्हणून चक्क मंडपवजा मनोरा. मुख्य रस्त्यापासून ती दोन वळणांवर आहे आणि गर्दी तिथपर्यंत पोहोचत नाही. खायचे असेल तर पश्चिमेकडच्या साजिनछिआओ गल्लीत जावे, तिथे स्थानिक लोक नाश्ता करतात. आईंना मात्र तिथे नेऊ नका, सगळीकडे मटणाच्या कढया उकळत असतात.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. यांगलिंग आणि मशीद दोन्ही यादीत घेतले. सकाळ की दुपार यावर घरात मतदान घेतले आणि बाबांमुळे सकाळच ठरली. युआन श्वांगाच्या अस्थी शहराबाहेरच्या एका मंदिरात आहेत असे बाबा म्हणतात. तिथवर जाण्यासारखे आहे का, की उगाच अर्धा दिवस जाईल?

पारसिकवासी (बेलापूर, नवी मुंबई)

नौपाडेकरांचा मुद्दा रास्त आहे, ज्येष्ठांसाठी सकाळच बरी.

बाबा म्हणतात ते शिंगजिआओ मंदिर. शहराच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर उंचवट्यावर आहे आणि समोर झोंगनान डोंगराची रांग दिसते. तो ६६४ मध्ये वारला आणि ६६९ मध्ये त्याच्या अस्थी तिथे हलवण्यात आल्या. मधोमध पाच मजल्यांचा त्याचा विटांचा स्तूप आणि दोन्ही बाजूंना त्याच्या शिष्यांचे, कुइजी आणि कोरियाचा वोनचुक यांचे, तीन मजली स्तूप, एवढेच पाहायला आहे. मुलगी अर्ध्या तासात कंटाळेल हे गृहीत धरा. पण ज्या माणसाने महाराष्ट्रातील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत असे लिहून ठेवले, त्याच्या स्तूपापाशी उभे राहण्यासाठीच बाबा एवढा प्रवास करणार असतील, तर अर्धा दिवस उगाच गेला असे त्यांना वाटणार नाही. जाताना टॅक्सी सहज मिळते. परतीला त्या बाजूला गाडी मिळणे कठीण, म्हणून भाडे आधी ठरवून चालकाला थांबवूनच ठेवा.