खाडीतला चिखल वर तपकिरी आणि खाली काळा का असतोय?

गगनबावडाकर:
मंडळी एक शंका हाय. देवगडकडं खाडीत उतरलतो, ओहोटी होती, तर वरचा बोटभर चिखल तपकिरी आणि त्याच्याखाली एकदम डांबरासारखा काळा, वास तर सडक्या अंड्याचा. दोस्त म्हणतोय बोटीचं ऑइल मुरलंय. पण चपलेला लागलेला काळा चिखल कोल्हापूरला येईस्तोवर तपकिरी झाला की. हे काय गौडबंगाल?

गाळवाला:
ऑइल असतं तर वाळून रंग बदलला नसता भावा. वरच्या थरातले बॅक्टेरिया मेलेलं शेवाळ, पाला वगैरे खातात आणि ऑक्सिजन तिथंच संपवतात, असल्या चिखलात तो काही मिलिमीटरच्या खाली जातच नाही. मग खालचे बॅक्टेरिया ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज-लोखंडाचे ऑक्साइड, आणि तेबी संपलं की सल्फेट. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळं त्याला तोटा नाही. त्यातनं हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तुझा अंड्याचा वास. त्याला गाळातलं लोखंड भेटलं की आयर्न सल्फाइड, काळं कुळकुळीत. गाडलेलंच राहिलं तर पुढं त्याचं पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) होतं, हवा लागली की लोखंड परत गंजतं, म्हणून चप्पल तपकिरी.

मिसळ_तिखट:
मग तळ्याच्या चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात ते काय?

गाळवाला:
तो बराचसा मिथेन. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, लगेच संपतं आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा नंबर लागतो. समुद्रातबी होतो पण बराच खाली, आणि वर येता येता सल्फेटच्या थरातले सूक्ष्मजीव त्यातला बहुतेक फस्त करतात.

पुळणकर:
खेकड्यांना विसरलात की राव. बीळ उभं कापून बघा, काळ्या चिखलात बिळाच्या कडेनं तपकिरी कड दिसते, कारण बिळातनं पाणी आणि ऑक्सिजन खाली जातो. किडे-खेकडे गाळ सारखा वरखाली करत असतात, त्यामुळं थर मोडतात. अरबी समुद्रात मात्र साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर पाण्यातच ऑक्सिजन नगण्य, तिथं उकरणारं जवळपास कुणी नाही, म्हणून काही ठिकाणी वर्षावर्षाचे पातळ थर जसेच्या तसे राहिलेत आणि शास्त्रज्ञ त्यावरनं जुना मान्सून वाचतात. लई भारी प्रकार आहे तो.

मिसळ_तिखट:
आणि शिंपल्यांचा चुना? तो तर सगळीकडं साठत असंल.

पुळणकर:
नाही. खूप खोलवर, चार-पाच किलोमीटरच्या खाली, गार पाणी, दाब आणि कार्बन डायऑक्साइडमुळं तो पडेल तेवढा विरघळतो. तिथं उरते नुसती लाल माती, नाहीतर सिलिकाची कवचं.

खाडीकाठ:
सगळं बरोबर, पण वास आला म्हणजे नैसर्गिकच असं धरून चालू नका. सांडपाणी खाडीत सोडलं की बॅक्टेरियांना खाणं वाढतं, ऑक्सिजन वरच्यावर संपतो आणि काळा थर पार वर येतो. बोटभर तपकिरी होता म्हणताय तर तिथं बरं चाललंय. पृष्ठभागालाच काळा लागला असता तर विचारा, गावाचं गटार कुठं सोडलंय.