स्पेक्ट्रमचं एवढं कौतुक कशासाठी?

जुनाट
सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं नाव काढलं की पन्नाशीतल्या ब्रिटिशांचे डोळे पाणावतात. मला हे कौतुक पटत नाही. एप्रिल १९८२ मध्ये आलेलं हे यंत्र: खोडरबरासारख्या कीज, कॅसेटवर साठवण, आणि ८×८ ठिपक्यांच्या चौकोनात फक्त दोन रंग. हिरो झाडापाशी गेला की हिरोही हिरवा! चार-पाच महिने आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचा बीबीसी मायक्रो आला होता. खरा कीबोर्ड, सोफी विल्सन यांचं बेसिक (ही प्रोग्रामिंगची सोपी भाषा), त्यातच असेंब्लर, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहायची सोय. खरा कॉम्प्युटर तो. स्पेक्ट्रम स्वस्त होता, बस्स.

पै-पै
"बस्स" म्हणे! ४८ केबी मेमरीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना. ३२ केबीचं बीबीसी मॉडेल बी आधी ३३५, मग लगेच ३९९. साहेब, दुप्पट पैसे कुणाचे बाबा देणार होते?
आणि ते रंगांचं बोललात, तर हिशोब करा. स्पेक्ट्रमचा अख्खा रंगीत पडदा ६९१२ बाइटमध्ये बसतो. बीबीसीवर पडद्याचे वेगवेगळे प्रकार, म्हणजे मोड, असतात; त्यातला सगळ्यात रंगीत मोड २ एकटा २० केबी मेमरी खातो. ३२ मधून २० गेले, त्यातून सिस्टिमचा वाटा गेला, राहिलेल्या तळाशी काय गेम लिहिणार? त्या चौकोनांना मी काटकसर म्हणतो, आणि ती डोकं लावून केलेली आहे.

जुनाट
हिशोब बरोबर, पण अर्धा. मोड ७ फक्त १ केबी घेतो, तो कुठे गेला? आणि १९८४ चा 'एलिट' हा गेम बघा: तो लिहिणाऱ्या ब्रेबेन आणि बेल यांनी पडद्याचा वरचा भाग एका मोडमध्ये, खालचा दुसऱ्यात चालवला. जागा कमी, म्हणूनच ही करामत.
शिवाय बीबीसीला 'ट्यूब' नावाचं तोंड होतं, दुसरा प्रोसेसर जोडायला. १९८५ मध्ये एआरएम या प्रोसेसरची पहिली चिप तिथेच लावून चालवली. तुमच्या खिशातल्या मोबाईलचा प्रोसेसर त्याच घराण्यातला. स्पेक्ट्रमच्या वंशात काय?

कॅसेटवाली
वंशावळ राहू द्या, काका. बीबीसी मायक्रो मी पाहिलाय, आपल्याकडेच. १९८४ च्या सुमारास सरकारने 'क्लास' प्रकल्पात शाळांना तेच दिले होते. आमच्या शाळेतही आला. खोलीबाहेर चपला, कीबोर्डवर कापड, आणि एका यंत्रामागे दहा मुली. चालू केला की "टूं-टिक" असा आवाज यायचा, तेवढ्यानेच आम्ही खूश. हात लावायला मिळाला वर्षात दोनदा.
स्पेक्ट्रम मात्र मामाने लंडनहून आणला, घरच्या टीव्हीला जोडला. 'J' ही की दाबली की अख्खा 'लोड' शब्द उमटायचा. मग टेपरेकॉर्डरचा आवाज नेमका लावायचा, कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या, आणि चार-पाच मिनिटांनी, अगदी शेवटाला, "आर टेप लोडिंग एरर". पुन्हा गुंडाळा! पण चुका करायला यंत्र माझ्या हाती होतं, म्हणून प्रोग्रामिंग आलं.

जुनाट
ताई, कापड शाळेने घातलं, एकॉर्नने नाही. त्याचा दोष यंत्राला कशाला?

पै-पै
महाग वस्तूवर कापड पडतंच हो. आमच्या टीव्हीलाही शटर होतं, कुलपासकट.

जुनाट
हा मुद्दा मान्य. पण एका कीला चार-पाच कामं देणारा तो कीबोर्ड मी कधीच मान्य करणार नाही.
ताई, मामांचा स्पेक्ट्रम आहे का अजून?

कॅसेटवाली
आहे, माळ्यावर. कीबोर्डखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा (मेम्ब्रेन) कडक होऊन तुटलाय, अर्ध्या कीज मुक्या आहेत.

पै-पै
तो पडदा नवा मिळतो अजून. बदला, पण जुन्या पडद्याची पट्टी ओढताना हळू.