अहिराणी गप्पांचा आमचा गट मॅस्टोडॉन किंवा लेमीवर न्यावा का?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहिते, पंधरा दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

सहा वर्षं मी आणि शिरपूरची एक ताई, आम्ही दोघी एका मोठ्या साइटवर अहिराणी गप्पांचा गट चालवत होतो. कानबाईचे रोट यंदा किती दिवस पुरले, कळण्याची भाकरी थापताना का फुटते, असल्याच गोष्टी असायच्या. पण शब्द वर यायचे ते त्यातूनच. एकदा मी सहज लिहिलं, 'आज डांगर आणलं'. साक्रीकडच्या एकीनं विचारलं, पापडाचं का? पुण्यात दिलेली एक लेक म्हणाली, आमच्याकडे सासूबाई लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. मी तर खरबूज आणलं होतं! तीन दिवस तो धागा चालला आणि त्यात लोकांनी आपापल्या आयांचे शब्द आणून ओतले. कुणाला शब्दकोश करायला बसवलं असतं तर यातलं निम्मंही निघालं नसतं.

एका सकाळी गट दिसेना. 'नियमभंग' एवढाच निरोप. कुठला नियम, कुणाची पोस्ट, काही कळलं नाही. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा ठरावीक साच्यातलं उत्तर. त्यात माझ्या फुईच्या (आत्याच्या) जात्यावरच्या ओव्याही होत्या. फुई ऐंशीच्या पुढे आहे. मागे कुकरची शिट्टी वाजते, फुई मधेच थांबून 'गॅस बारीक कर वं' म्हणते, तसंच टाकलं होतं. माझ्या फोनमध्ये त्यातल्या चारच उरल्यात.

भाचा म्हणतो, मॅस्टोडॉनवर नाहीतर लेमीवर चला. या गप्पांच्या साइटी, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, तिथे एक मालक नाही. माझं विचारणं साधं आहे. तिथे अशा रिकामटेकड्या गप्पा होतात का? आमच्या बाया तिथे रमतील का? आणि पुन्हा असंच सगळं जाणार नाही ना?

---

सातपुडा_पायथा (शहादा)

ताई, मी मॅस्टोडॉनवर २०१९ च्या नोव्हेंबरपासून आहे. तेव्हा वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि आपल्याकडचे बरेच जण एकदम तिकडे आले. महिनाभरात बहुतेक परत गेले. मी राहिले.

गप्पा होतात, पण आपोआप नाही. आपल्याला काय आवडेल हे ठरवून समोर वाढणारं तिथे कुणी नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांचंच दिसतं, तेही वेळेच्या क्रमानं. त्यामुळे पहिले दोन महिने ओसाड वाटतं. मी रोज सकाळी #अहिराणी लावून एक ओळ लिहायचे, बहुतेक हवापाण्याचीच. पहिलं उत्तर आलं ते परदेशात राहणाऱ्या एका माणसाचं. त्याची आजी नंदुरबारची. त्यानं एवढंच लिहिलं की 'शे' (म्हणजे 'आहे') हा शब्द कितीतरी वर्षांनी वाचला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दोन्हींतला फरक असा. मॅस्टोडॉनवर माणसाला फॉलो करायचं, एका पोस्टला साधारण ५०० अक्षरं. लेमीवर विषयाची कम्युनिटी असते, खाली लांब धागे चालतात, मतं देता येतात. रेडिट या चर्चेच्या साइटनं बाहेरच्या ॲप्सना जोडणीसाठी (एपीआय) पैसे लावायचं जाहीर केलं, तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये लेमीवर गर्दी वाढली. डांगरसारखा धागा तिथे छान चालेल. फुईचा आवाज मात्र मॅस्टोडॉनवर टाका, ऑडिओ तिथे नीट जातो. दोघांना ॲक्टिव्हिटीपब ही एकच बोली समजते, म्हणून लेमीवरचा धागा मॅस्टोडॉनवरूनही वाचता येतो आणि त्यावर उत्तरही देता येतं.

---

पांझराकाठचा (धुळे)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर 'जाऊ शकतं' असं आहे. मालक एक नाही हे खरं, पण हे सगळं वेगवेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे खाती नि पोस्टी साठवणाऱ्या संगणकांवर चालतं, आणि प्रत्येक सर्व्हरला कुणीतरी एक मालक आहेच, आणि तो माझ्यासारखा नोकरी करणारा माणूस असतो.

मी मित्रांसाठी छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर दीड वर्ष चालवला. आम्ही जेमतेम अकरा जण. तरी डिस्क भरली, कारण आपली माणसं ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओही आपल्या सर्व्हरवर साठतात. ती जुनी साठवण अधूनमधून पुसावी लागते, हे मला ऐन आखाजीला सर्व्हर बंद पडल्यावर कळलं. पुढे वडिलांचं आजारपण आलं आणि मी तीन महिन्यांची मुदत देऊन तो बंद केला. सगळ्यांना खाती हलवता आली. फॉलोअर सोबत गेले, पण जुन्या पोस्टी नव्या खात्यात जात नाहीत. हे आधीच माहीत असू द्या. सेटिंग्जमधून स्वतःच्या पोस्टींची प्रत मागवता येते, दर सात दिवसांनी एकदा. दर महिन्याला ती घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा.

अजून एक, हे कळकळीनं सांगतो. मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप हा कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याला तो वाचता येतो. मी कधी वाचले नाहीत, पण वाचता आले असते. बायांना घरातलं काही बोलायचं असेल तर तिथे नको.

---

कांदेबाग (रावेर)

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमचा केळीवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. कुणाच्या बागेत करपा दिसला की पानाचा फोटो दहा मिनिटांत सगळ्यांकडे. या लोकांना मी 'आधी सर्व्हर निवडा' म्हटलं तर कुणी येणार नाही. माझी मायसुद्धा नाही. गप्पा तिथेच होतात जिथे माणसं आधीपासून बसलेली असतात. ती तशीच बसू द्या. मात्र जे टिकावं असं वाटतं ते तुम्ही दोघी उचलून तिकडे नेऊन ठेवा.

आणि फुईला विचारलं का? तिकडे टाकलेलं शेकडो सर्व्हरवर जाऊ शकतं. तुम्ही पुसलं तर पुसायचा निरोप सगळीकडे जातो, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच असं नाही. एकदा गेलं ते गेलं.

---

बोरीकाठ (अमळनेर)

कांदेबाग भाऊ, राग कसला, उलट बरं झालं विचारलंत. पहिल्या वेळी मी फुईला विचारलंच नव्हतं. घरचंच माणूस, असं धरून टाकलं होतं, ते चुकलं.

काल संध्याकाळी तिच्याकडे गेले. वांगी भाजत बसली होती. जमेल तसं समजावलं की हे दूर दूर जाईल, परत घेता येणार नाही. तिनं वांगं उलटवलं, म्हणाली, 'मना आवाज आते कोनले ऐकना शे?' मी शहाद्याच्या ताईंना भेटलेल्या त्या नातवाचं सांगितलं. त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ओव्या टाक, पण एका ओवीत तिच्या सासूचं नाव घेऊन गाऱ्हाणं आहे, ती टाकू नको.

ती बाजूला ठेवली. धुळ्याचे भाऊ, सध्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरच खातं उघडते. येत्या रविवारी शिरपूरची ताई येतेय, दोघी मिळून उरलेल्या तीन चढवू आणि पेनड्राइव्हवरही घेऊ. गट व्हॉट्सअ‍ॅपवर चालू झालाय, कालपर्यंत एकोणीस जणी आल्या. गेलेल्या गटातल्या ओव्या कुणी उतरवून घेतल्या होत्या का, हे मी एकेकीला फोन करून विचारतेय.