धाविकाच्या माळावर झाडं कशाला लावायची?

बालाघाटी

आमच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी धाविक पक्ष्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मराठवाड्याचा रोडरनर', म्हणजे अमेरिकेतल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव. त्याच्याच खाली सरपंचांचा निरोप: गायरानावर यंदा वृक्षारोपण, खड्डे घ्यायला सुरुवात. फोटोलाही अंगठे, निरोपालाही अंगठे, देणारी माणसं तीच. फोटो त्याच गायरानावरचा आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धाविक टिटवीपेक्षा बराच लहान, 23 ते 26 सेंटिमीटर. डोकं तांबूस, डोळ्यावरून पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी, दोन्ही मागे मानेकडे जाऊन मिळतात. छाती विटकरी, पोटावर काळा डाग, पाय उंच आणि पांढुरके. पायाला मागचं बोट नाहीच, पुढची तेवढी तीन. फांदी धरायला मागचं बोट लागतं. याचा फांदीशी काही संबंधच येत नाही. चार पावलं धूम पळायचं, थबकायचं, ताठ उभं राहून बघायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा धूम. भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे, वाळवी हे त्याचं खाणं. उडता उत्तम येतं, पण शक्यतो पळूनच निभावतो.

घरटं म्हणावं असं काही नसतं. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान उघड्या जमिनीवर, जराशा खळग्यात दोन-तीन अंडी. त्यांच्यावर काळपट ठिपके असे, की मुरमात पायाशी असली तरी दिसत नाहीत. पिल्लंही मातकट, धोका दिसला की जागीच दबून बसतात. या सगळ्या बंदोबस्ताला एकच अट आहे: चहूकडे लांबवर दिसलं पाहिजे. कोल्हा, खोकड, कुत्रं दूरवरून दिसलं तरच पळता येतं. तिथे तुम्ही रांगेत गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलंत, की पाच वर्षांत धाविक निघून जातो. वरून झाडावर कावळा बसायला लागतो, तो अंडी शोधतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या माळावर कधी जंगल नव्हतं तिथे झाडं लावू नका. बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा.

काळी_कसदार

तुम्ही कुठं राहता माहीत नाही, आम्ही लातूरला आहोत. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय का? हंड्याच्या रांगेत भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. तवा कुठं होता तुमचा धाविक? झाडं लावायलेत तर लावू द्या की. सावली पडंल, पाणी मुरंल, ढोरांना पाला मिळंल. एका पाखरासाठी गाव उघडं ठेवायचं हे शहरातल्या कॅमेरेवाल्यांचं खूळ आहे.

आणि पक्ष्याचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते उगाच नाही. शेजारी सोलापूर-नगरकडं 1979 ला माळढोक अभयारण्य केलं, 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, तालुके आले, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकून पडले. मग कोर्टकचेऱ्या होऊन ते 1,222 वर आलं. तोवर दोन पिढ्यांनी त्या पाखराला शिव्या घातल्या. आता धाविक का?

दुर्बीण

पक्षी बघणाऱ्यांपैकीच आहे, तरी बालाघाटी यांच्याशी सहमत नाही. धाविक दुर्मीळ नाही. आययूसीएन ही संस्था जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांची यादी ठेवते, तिच्यात तो बरीच वर्षं सगळ्यात कमी काळजीच्या गटात होता. नांगरून टाकलेल्या रानात, पडीक ढेलप्यांत, कधी कधी गावाच्या क्रिकेटच्या मैदानावरसुद्धा दिसतो. गायरान गेलं तर तो शेजारच्या रानात सरकेल. काळजी करायचीच तर जेर्डनच्या धाविकाची करा. तो 1900 नंतर संपलाच असं धरलं होतं, 1986 मध्ये आंध्रात कडप्प्याकडे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) भरत भूषण यांना पुन्हा सापडला. आणि गंमत बघा, तो राहतो काटेरी झुडपांच्या रानात, रात्री हिंडतो. म्हणजे 'धाविक म्हणजे उघडा माळ' हे समीकरणही पुरतं खरं नाही.

रोडरनरही झुडपातच घरटं करतो. पळणारा पक्षी म्हणजे झाड नको, असं कुठाय?

बालाघाटी

@दुर्बीण, रोडरनर कोकिळेच्या कुळातला. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिको इथला. दोन बोटं पुढे, दोन मागे, त्यामुळे वाळूत फुलीसारखा ठसा उमटतो आणि गेला कुठल्या दिशेने तेच कळत नाही. सरडे खातो, रॅटलस्नेकसुद्धा मारतो. थंड रात्री अंगाचं तापमान उतरवतो आणि सकाळी पाठीची पिसं फिसकारून खालची काळी कातडी उन्हाला देतो. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास पळतो. सगळं भारी आहे, पण त्याचं आणि धाविकाचं गोत्र वेगळं. आपल्याकडचा त्याचा खरा भाऊबंद म्हणजे भारद्वाज, तोही कोकिळेच्या कुळातला, तोही स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, आणि त्यालाही झुडूप लागतंच. धाविक पडतो पाणभिंगरीच्या कुळात, पाणकाठच्या पक्ष्यांच्या मोठ्या खटल्यात. झुडपाची त्याला कधी सवयच नव्हती.

'शेजारच्या रानात सरकेल' म्हणता, ते रान दाखवा. आधी जोंधळा काढला की रान मोकळं पडायचं. आता जिथे तिथे सोयाबीन, मुरमाड बरडावर तळ्यातला गाळ टाकून जेसीबीने सपाट केलंय. पडीक राहतंय ते गायरानच. तिथेच आता खड्डे.

मेंढका

दोघंही एक गोष्ट सोडून बोलायलेत. माळ उघडा राहतो तो कुणामुळं? आमच्या मेंढरांमुळं अन् शेळ्यांमुळं. वृक्षारोपण झालं की पहिला बोर्ड लागतो, चराईबंदी. वनवाले धरतात, दंड करतात. अन् पक्षीवाले आले की तेही तेच म्हणतात, माळ राखा, कुंपण घाला. कुंपण घातलं की दोन वर्षांत पवन्या, मारवेल गवत गुडघ्याला लागतं, कुसळी तर अंगाला टोचती. त्यात तुमचा धाविक पळंल का?

उस्मानाबादी शेळीवर आख्खा धाराशिव जिल्हा पोसलाय. तिला चरायला जागा म्हणजे हाच माळ. धाविक आम्ही लहानपणापासून बघतो, कळपाच्या पुढं पुढं पळत असतो.

दुर्बीण

मेंढका यांचा मुद्दा पटला, अर्धा. धाविकाला आखूड गवत लागतं हे खरं, पण तणमोर या माळावरच्याच दुसऱ्या पक्ष्याला उंच लागतं. म्हणजे सगळा माळ शेळ्यांच्या तोंडी दिला तरी चूक, सगळा बंद केला तरी चूक. आलटून पालटून चरायला सोडावा लागेल, आणि गावात ते कोण ठरवणार?

निंबोणी

मी शाळेत आहे, दरवर्षी मुलांकडून झाडं लावून घेते. सरकारी मोहिमेत 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी असं लक्ष्य होतं. सगळी जगली नाहीत हे मलाही माहीत आहे. पण आम्ही गिरिपुष्प लावत नाही. कडुनिंब, वड, पिंपळ, बोर लावतो आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी घालतो. मे महिन्यात 43 अंशात गुराख्याची पोरं कुठे बसणार? झाडाला विरोध ऐकला की मुलांना काय सांगावं ते कळत नाही. मराठवाड्यात आधीच जंगल नावापुरतं.

बालाघाटी

निंबोणीताई, वडाला विरोध नाही. गावकुसाला लावा, पांदीला लावा, मीच पाणी घालीन. पण बरडावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. तिथे वड लावून टँकर किती वर्षं पुरवणार? तिथे जे तगतं ते गवत. पाणी मुरवायचं काम तेही करतं, माती धरून ठेवतं, आणि त्याला टँकर लागत नाही. जंगल कमी म्हणून माळाला जंगल करायचं, हे मला पटत नाही. मुलांना माळ दाखवा. तिथे धाविक आहे, माळटिटवी आहे, चंडोल आहे, पाणवठ्यावर बसून पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांना नेणारी पखुर्डी आहे.

@काळी_कसदार, अभयारण्य मागतच नाही. सातबाऱ्याला हात लावायचा नाही. गायरान जसं आहे तसं राहू द्या एवढंच.

काळी_कसदार

जसं आहे तसं राहिलं तर अतिक्रमण होतं, साहेब. झाडं असली की निदान तलाठ्याला दिसतं की ही जागा कुणाची तरी आहे. मोकळ्या जागेवर आधी कडबा पडतो, मग पत्र्याचं शेड उभं राहतं, मग देऊळ. आमच्या गावात निम्मं गायरान असंच गेलंय. धाविकाला सुबाभळीनं नाही, पत्र्यानं हाकललं.

मेंढका

हे मात्र खरं बोललात.

दुर्बीण

निदान एवढं तरी करता येईल का? खड्डे आणि सलग समतल चर (पाणी मुरवायला उतारावर खणतात ते) एप्रिल-मेमध्ये घेतात, नेमकी अंड्यांची वेळ. जेसीबीखाली काय जातं ते चालवणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. तीच कामं नोव्हेंबर ते जानेवारीत केली तर झाडं लागली तरी त्या वर्षीची पिल्लं वाचतील.

काळी_कसदार

दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची काढणी अन् रब्बीची पेरणी, मग तूर. मजूर कुठून आणायचा?

निंबोणी

मजूर मिळेलही. पैसा मार्चच्या तोंडावर सुटतो, तोवर कुदळ उचलायला कुणी तयार नसतं. खड्ड्यांची मंजुरी डिसेंबरात हवी असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो का, ते ग्रामसेवकांना विचारते.

बालाघाटी

ठराव मांडा. त्यात गायरानाचा गट नंबर वगळायलाही सांगा.

काळी_कसदार

वगळायला आमचा विरोध राहील. डिसेंबराचं बघू.