हिमालयात काय दिसलं, काय चाखलं?

किती दिवसांत किती ठिकाणं उरकली, हॉटेल कसं होतं, ते इथे नको. तिकडे भेटलेला एखादा प्राणी, पक्षी, झाड, नाहीतर ताटात पडलेला पदार्थ, एवढंच लिहा. फसलेले बेतही चालतील. पहिला माझा.

उत्तराखंडातलं चोपता, मार्चअखेर. मोनाल हा रंगीत पहाडी पक्षी बघायचाच म्हणून पहाटे तुंगनाथच्या वाटेला लागलो. गुडघाभर बर्फ, दोन तास, पक्षी शून्य. कुडकुडत खाली येऊन ढाब्यावर मॅगी सांगितली, तर ढाब्यामागच्या उतारावर साहेब हजर! बर्फ वितळून मोकळ्या झालेल्या मातीत चोच खुपसून काहीतरी उकरत होते. डोक्यावर मोरासारखा तुरा, मान वळवली की हिरव्याचा तांबूस, तांबसाचा जांभळा. कुत्रं भुंकलं तसा शिट्टी घालत दरीत सुटला. तेव्हा कळलं, पाठीवर पांढराशुभ्र पट्टाही असतो. मॅगीचा लगदा झाला होता.

*

माझा खाण्याचा. सप्टेंबरात उखीमठच्या खालच्या अंगाला एका गावात राहिलो होतो. रात्री घरच्या आजींनी भातावर 'फाणू' वाढलं. पहिल्याच घासाला मी नवऱ्याकडे बघितलं: अहो, हे तर कुळीथ! तिकडे गहत म्हणतात. आम्ही रत्नागिरीकर कुळीथ भाजून दळतो. त्या भिजवून सिलावर वाटतात, म्हणून जरा रवाळ लागतं. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीच. फोडणीला मात्र मोहरी नाही, जखिया. दाताखाली कुरकुर फुटतो. सकाळी आजींनी बांधावरचं जखियाचं झाड दाखवलं, तर आम्ही परसातून उपटून टाकतो ती पिवळी तिळवण! "फेंक देते हो?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं.

*

स्पितीतलं किब्बर, फेब्रुवारी, हिमबिबट्यासाठी सहा दिवस. कॅमेऱ्याची बॅटरी रात्री पांघरुणात घेऊन झोपायचो. पाचव्या दिवशी गाईडने समोरच्या कड्यावर स्कोप लावून दिला. "दिखा?" मी "हां, हां" म्हणालो. आज कबूल करतो, मला दगडच दिसत होते. भरल, म्हणजे तिकडची रानमेंढरं, मात्र मनसोक्त बघितली, आणि थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, रोज दोन वाट्या.

*

लडाखला पँगाँगच्या वाटेवर मर्मोट दिसले, खारीच्या जातकुळीतले गुबगुबीत प्राणी. सगळेच बिस्किटं भरवत होते, मीही भरवलं. ड्रायव्हरदादा गाडीतूनच म्हणाला, "सर्दीभर सोना है उसको, घास खाके मोटा होना है, मैदा खाके नहीं." फोटो झकास आलाय. कुणाला दाखवत नाही.

*

वरचं कुळीथ वाचून काफल आठवलं. अल्मोड्याहून बिनसरला जाताना, मे महिना, रस्त्याकडेला एक मावशी टोपली घेऊन बसलेल्या. करवंदाहून लहान, लालबुंद. मीठ लावून पुडी दिली. बी मोठी, गर नावाला, पण थांबवत नाही. खाता खाता मावशींनी गोष्ट सांगितली: टोपलीतली काफलं उन्हाने आक्रसली, आईला वाटलं लेकीनेच खाल्ली, आणि मार पोरीच्या जिवावर बेतला. संध्याकाळी पाऊस पडून टोपली पुन्हा भरली. लेक पक्षी झाली, ओरडत फिरते, "काफल पाको, मैं नि चाखो." काफलं पिकली, मी नाही चाखली.

आवाज त्याच दुपारी बांजच्या (ओकच्या) जंगलात ऐकू आला. पक्षी दिसला नाही. माझे हात अजून लालच होते.