१६ कोअरचं कोटेशन आलंय आणि वापरणारे १२ जण. व्हीएमवर डेटाबेसचं लायसन्स मोजतात तरी कसं?

खतावणीवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा हिशोबाचा माणूस. एकदा अडकलेला प्रिंटर सोडवला, तेव्हापासून ऑफिसातलं वायर असलेलं सगळं माझ्या गळ्यात पडलं. जुन्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर २०१४ (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) होता. त्याचा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपला, तरी आम्ही तो रेटला. आता नवं मशीन आलंय: एक प्रोसेसर, १६ कोअर, त्यावर हायपर-व्ही (एकाच मशीनमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दोन व्हीएम, म्हणजे असे दोन आभासी कॉम्प्युटर. एकीत हिशोबाचं पॅकेज, दुसरीत हजेरीचं. एसक्यूएल सर्व्हर दोन्हींना लागतो.

डीलरने स्टँडर्ड एडिशनच्या १६ कोअरचं कोटेशन दिलं. म्हणे मशीनमध्ये जितके कोअर तितकी लायसन्स. आकडा बघून मालकांनी कागद पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन्ही व्हीएमना दोन-दोनच कोअर दिलेत, म्हणजे चारात भागेल. त्यावर डीलर हसला. का हसला, ते काही सांगितलं नाही.

पॅकेज वापरणारे १२ जण. कारखान्यातले ५५ जण दोन पंचिंग मशीनवर बोट लावतात, बस. हिशोबाच्या डेटाबेसचं फोल्डर ३१ जीबीचं आहे, आणि फुकटच्या एक्सप्रेस एडिशनला आकाराची मर्यादा असते, म्हणून तिचा नाद मी आधीच सोडला. माझं कुठे चुकतंय?

रॅकमागचा

तुम्ही दोघेही चुकताय, पण डीलर जास्त.

कोअरने घ्यायचं तर एका व्हीएमला किमान चार कोअरचं लायसन्स लागतंच, आत दोन दिले असले तरी. म्हणजे दोन व्हीएमचे आठ. हसू त्याचं असणार. पण १६ चं गणित त्याहून वाईट आहे. अख्ख्या मशीनचे कोअर मोजून वर व्हीएम चालवायची सोय एंटरप्राइझ या वरच्या एडिशनला आहे. स्टँडर्डमध्ये व्हीएम एकेक करूनच मोजतात. म्हणजे १६ चे पैसे भरूनही तुमच्या व्हीएम कागदावर उघड्याच राहिल्या असत्या.

आणखी एक. २०२२ आवृत्तीपासून व्हीएमपुरती कोअर लायसन्स घ्यायची तर सोबत सॉफ्टवेअर अश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा देखभाल करार) किंवा सबस्क्रिप्शन लागतं. कोटेशनमध्ये ती ओळ आहे का बघा. बहुधा नसेल.

पण बारा माणसांसाठी कोअर मोजायचेच कशाला? स्टँडर्ड एडिशन सर्व्हर आणि कॅल (सर्व्हर वापरणाऱ्याचा परवाना) अशा पद्धतीनेही मिळते. ज्या व्हीएममध्ये एसक्यूएल आहे तिला एक सर्व्हर लायसन्स आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला एक कॅल. मायक्रोसॉफ्टच्या जाहीर दरांनी मांडून बघितलंत, तर एका व्हीएमला तीसेक माणसांपर्यंत कॅलच स्वस्त पडतं. दोन्ही डेटाबेस एकाच व्हीएममध्ये आणलेत तर दुसरं सर्व्हर लायसन्सही वाचेल.

खतावणीवाला

वा! म्हणजे एक सर्व्हर आणि १२ कॅल. उद्याच सांगतो.

जुनीकेबल

दादा, जरा दमानं. ते ५५ जण कुठे गेले?

बोट पंचिंग मशीनवर टेकलं, मशीनने हजेरीच्या पॅकेजला कळवलं, पॅकेजने एसक्यूएलमध्ये लिहिलं. मध्ये कितीही सॉफ्टवेअर असू दे, टोकाला जो आहे तो कॅलच्या हिशोबात येतोच. या नियमात मी स्वतः पोळलोय. कॉम्प्युटरसमोर बसलेलेच मोजले होते आणि तपासणीत बाकीचे निघाले.

तुमचं नशीब असं, की कॅल माणसाचं असतं तसं डिव्हाइसचंही असतं. एका डिव्हाइसवर कितीही हात फिरले तरी कॅल एकच. दोन पंचिंग मशीन, दोन डिव्हाइस कॅल. पण एक विचारतो: कामगार आपली हजेरी किंवा रजा मोबाइलवर बघतात का?

खतावणीवाला

बघतात. गेल्या महिन्यातच चालू केलं, तेही मीच. हौस!

जुनीकेबल

मग तो प्रत्येकजण मोजला जाणार, डिव्हाइस कॅलचा फायदा संपला. हजेरीचा डेटाबेस केवढा आहे? १० जीबीच्या आत असेल तर तो मुकाट्याने एक्सप्रेसवर टाका. तिथे कॅल नावाची भानगडच नाही. दोन्ही डेटाबेस एकत्र आणायचा सल्ला मात्र तुमच्या बाबतीत उलटा पडेल, हजेरी वेगळीच ठेवा.

रॅकमागचा

मान्य. मोबाइलचं मला माहीत नव्हतं.

आणि ते ३१ जीबी मला पटत नाही. बारा माणसांचा हिशोब एवढा होत नाही. फोल्डर उघडून एमडीएफ (डेटाची) फाइल केवढी आणि एलडीएफ (लॉगची, म्हणजे बदलांच्या नोंदींची) केवढी ते वेगवेगळं बघा. एक्सप्रेसची १० जीबीची मर्यादा डेटा फाइलला आहे, लॉगला नाही. (२०२५ आवृत्तीच्या एक्सप्रेसमध्ये ती ५० जीबी केलीय, पण तुमचं पॅकेज ती आवृत्ती चालवतं का, हे आधी विचारा.)

खतावणीवाला

बघितलं आणि कपाळाला हात लावला. एमडीएफ ५.८ जीबी, एलडीएफ २५. रिकव्हरी मॉडेल फुल ठेवलेलं (म्हणजे लॉगचा बॅकअप घेईपर्यंत नोंदी साठतच राहतात) आणि लॉगचा बॅकअप आजवर एकदाही घेतलेला नाही, म्हणून तो नुसता फुगत गेला. डेटा वर्षाला सहाशे एमबीच्या आसपास वाढतो. हजेरीचा डेटाबेस तर ९०० एमबीसुद्धा नाही.

पॅकेजवाल्यांना फोन केला. २०२२ चं एक्सप्रेस चालतं म्हणाले. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही, असंही म्हणाले. दोन्ही व्हीएमवर एक्सप्रेस टाकून बघितलं. डेटासाठी ते १४१० एमबीच मेमरी वापरतं, त्यामुळे धाकधूक होती. सगळ्यांची येणीबाकी काढणारा महिनाअखेरचा रिपोर्ट आधी ४० सेकंदांत यायचा, आता ५५ लागतात. तेवढ्यात कोणी चहासुद्धा संपवत नाही.

एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग) नाही, त्यामुळे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावला. पहिल्या रात्री तो झालाच नाही. मी लॉग-ऑफ केलं होतं आणि 'लॉग-ऑन नसतानाही चालवा' वर टिचकी मारायची राहिली होती. काल रात्रीचा झाला. दुसऱ्या व्हीएमवर रिस्टोअर करून, शेवटचं व्हाउचर उघडून बघितलं, मगच मालकांना सांगितलं. त्यांनी तो पालथा कागद उचलला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुसराच कसला तरी हिशोब लिहायला घेतला.